कुंचीतलं बाळ आणि उन्हाचा हिशेब
अंगणातून वॉर्डापर्यंत : भाग ७

डिसेंबरातली सकाळ, आठचा सुमार. बिलोलीच्या कुठल्याही गल्लीत या वेळी एखादी आजी ओट्यावर पाय लांब करून बसलेली दिसते. पायांवर नातू. तेल चोळून, न्हाऊ घालून, शेक-धुरी उरकून त्याला दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं असतं. डोक्याला कुंची, पायांत मोजे, गालावर तीट. उघडं काय, तर वीतभरही नसलेलं तोंड. ‘कोवळं ऊन लागू द्या लेकराला,’ असं म्हणत आजी त्याला उन्हाकडं धरते. ऊन पडतं ते दुपट्यावर.

या दुपट्याची दखल वैद्यकाच्या एका संशोधनात घेतली गेली आहे, आणि तीही महाराष्ट्रातच. पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरच्या एका खासगी रुग्णालयात दोन महिने ते पाच वर्षं वयाची १५० मुलं तपासली गेली. त्यातली ८० तीव्र न्यूमोनियासारख्या श्वसनसंसर्गानं आजारी होती, ७० तुलनेसाठी घेतलेली. २००४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. या मुलांच्या अंगावर मुडदुसाची उघड खूण नव्हती. तरीही रक्तातलं ‘ड’ जीवनसत्त्व मिलिलीटरला ९ नॅनोग्रॅमच्या वर असलेल्या मुलांत तीव्र आजाराची शक्यता, बाकीच्या कारणांचा हिशेब जुळवूनही, दहा-अकरा पटींनी कमी निघाली. पहिले चार महिने निव्वळ आईचं दूध मिळालेली मुलंही सुरक्षित बाजूला होती. पहिल्या चाळणीत आणखी दोन गोष्टी दिसल्या: घरात चुलीऐवजी गॅस असणं, आणि रांगायला लागण्याआधी बाळाला उन्हात नेताना ते गुंडाळलेलं नसणं. शेवटच्या हिशेबात या दोन्ही टिकल्या नाहीत. पण आजीच्या ओट्यावरून जाताना दुसरी आठवल्याशिवाय राहत नाही.

इंदापूर काय, बिलोली काय, दोन्हीकडे उन्हाला तोटा नाही. मांजरेच्या काठानं, तेलंगणाच्या सीमेला लागून असलेल्या बिलोली तालुक्यात मे महिन्यात डांबर वितळतं. मग उन्हानं फुकट मिळणारं जीवनसत्त्व इथल्या लेकरांच्या रक्तात कमी का पडावं?

२०१६ ते २०१८ या काळात देशभर झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांच्या १४ टक्के मुलांत ही पातळी १२ नॅनोग्रॅमच्या खाली आढळली. ५ ते ९ वर्षांत १८ टक्के, आणि १० ते १९ वर्षांत २४ टक्के. म्हणजे शाळा सुरू झाली की कमतरता वाढते. ही झाली घरात, अंगणात असलेली मुलं. रुग्णालयाच्या खाटेवरची मुलं घेतली की आकडा उडी मारतो. दिल्लीच्या एम्सनं अतिदक्षता विभागातल्या १०१ मुलांची नोंद २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. २० नॅनोग्रॅमची रेघ धरून त्यातली ७४ टक्के कमतरतेत होती, आणि ती अतिदक्षता विभागात जास्त दिवस राहिली. बॉस्टनमध्ये ५११ मुलांत हेच प्रमाण ४० टक्के होतं, कॅनडात ६९.

इथं घाई करू नये. हे आकडे वाचून ‘ड कमी म्हणून मूल आजारी’ असं म्हणावंसं वाटतं, आणि कित्येक जाहिराती तेच म्हणतात. पण गंभीर आजारात हा आकडा आजारामुळंही घसरतो. ‘ड’ रक्तात एकटं फिरत नाही, एका प्रथिनाच्या पाठीवर बसून फिरतं. जंतुसंसर्गानं केशवाहिन्या गळक्या झाल्या की ते प्रथिन रक्ताबाहेर झिरपतं. त्यात मूल दाखल झाल्या झाल्या सलाईन भरभर चढवलेलं असतं, त्यानं रक्त पातळ होतं. म्हणजे वॉर्डात काढलेल्या रक्तात आधीची उणीव किती आणि कालपासूनची किती, हे रिपोर्टच्या कागदावरून कळत नाही. औषध म्हणून देऊन पाहिल्याचे निकालही संमिश्र आहेत. काबूलमध्ये तीन हजारांवर तान्ह्या बाळांना दर तीन महिन्यांनी १ लाख युनिटचा डोस दिला. न्यूमोनिया कमी झाला नाही. उलट पाकिस्तानी पंजाबात तीव्र कुपोषित मुलांना नेहमीच्या पोषण-उपचारासोबत २ लाखांचे दोन डोस दिले, तर वजन अधिक चांगलं वाढलं आणि हालचाल, बोलणंही सुधारलं. हा अभ्यास २०१८ चा. पोषण पुनर्वसन केंद्रात लेकराला घेऊन बसलेल्या आयांच्या दृष्टीनं हा दुसरा निकाल अधिक जवळचा.

एका ठिकाणी मात्र शंकेला जागा नाही. चार-सहा महिन्यांचं बाळ, ताप नाही, काही नाही, आणि अचानक डोळे फिरवतं, हातपाय ताठ करतं. घरातले कांदा हुंगवतात, कुणी ‘फेफरं’ म्हणतं, कुणी दृष्ट काढतं. मग ग्रामीण रुग्णालय. तिथून नरसीमार्गे नांदेड. रक्तात कॅल्शियम तळाला गेलेलं सापडतं. ‘ड’ पुरेसं असलं तर आतडं अन्नातलं ३० ते ४० टक्के कॅल्शियम घेतं, नसलं तर जेमतेम १० ते १५. कॅल्शियम घसरलं की नसा चिडतात आणि झटके येतात. अशा बाळाला झटक्यांची नेहमीची औषधं पुरत नाहीत. शिरेतून हळूहळू सोडलेलं कॅल्शियम लागतं. आणि झटक्यांची काही जुनी औषधं दीर्घकाळ चालू ठेवली, तर ती शरीरातलं ‘ड’ आणखी लवकर संपवतात. काही बाळांत तर हृदयाचा स्नायूच ढिला पडतो, आणि धाप लागलेलं बाळ न्यूमोनिया समजून दाखल होतं.

मोठ्या बाळात चित्र हाडांवर उमटतं. मनगट रुंद, जणू दोन मनगटं एकावर एक; बरगड्यांच्या टोकांना माळेतल्या मण्यांसारख्या गाठी; दीड वर्ष उलटलं तरी न भरलेली टाळू; उभं राहिलं की फेंगडे पाय. हाच मुडदूस. जुन्या बायका नजरेनं ओळखायच्या.

या मुडदुसाचं कोडं सुटलं ते रुग्णालयातल्या मुलांवरच. पहिल्या महायुद्धानंतर उपासमारीनं पिचलेल्या व्हिएन्नात हॅरिएट चिक ही इंग्रज शास्त्रज्ञ १९१९ मध्ये आली आणि पिर्के यांच्या बालरुग्णालयात तिनं दोन-अडीच वर्षं तान्ह्या बाळांवर लक्ष ठेवलं. कॉड माशाच्या यकृताचं तेल मिळालेली बाळं हिवाळ्यातही मुडदुसापासून वाचली. उन्हात ठेवलेली बाळं तेलाशिवाय बरी झाली. त्याच सुमारास बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनी अतिनील दिव्याखाली मुलं बरी करून दाखवली. १९२२ मध्ये या घटकाला ‘ड’ हे अक्षर मिळालं.

आणि त्याच १९२२ मध्ये एक पुरावा आपल्या नाशिकहून गेला. हचिसन आणि शाह या डॉक्टरांनी नाशिकची घरं तपासली. गरीब, शेतावर राबणाऱ्या, निकृष्ट अन्न खाणाऱ्या घरांतल्या लेकरांत मुडदूस जवळपास नव्हता. तो होता पडदा पाळणाऱ्या, खाऊन-पिऊन सुखी असलेल्या हिंदू आणि मुसलमान घरांत, जिथं आई आणि बाळ दोघंही माजघराबाहेर पडत नसत. दुधातुपाची श्रीमंती होती, पण कवडसा नव्हता.

शंभर वर्षांनी ही विभागणी इतकी सरळ उरलेली नाही. बिलोलीच्या शिवारात खुरपणीला निघालेली बाई पाहा. साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट, डोक्या-तोंडाला घट्ट स्कार्फ, डोळे तेवढे उघडे. काळी पडू नये, ऊन लागू नये म्हणून. दिवसभर उन्हात असूनही तिच्या कातडीला ऊन फारसं लागत नाही. बाळ जन्मताना ‘ड’चा साठा घेऊन येतं तो आईकडून; आईकडंच नसलं तर तो दोन-तीन महिन्यांत आटतो, आणि आईच्या दुधात ते मुळातच थोडं.

आता कोवळ्या उन्हाकडं येऊ. ‘ड’ बनवणारे अतिनील किरण सूर्य खाली असताना हवेतच अडतात. ढोबळ खूण अशी, की आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडली तरच ते पुरेसे पोचतात. बिलोली पावणेएकोणीस अंशांवर. डिसेंबरअखेरीस सकाळी आठला इथं माणसाची सावली जवळपास चौपट लांब असते. ती उंचीपेक्षा आखूड व्हायला सव्वाअकरा वाजतात, आणि दीडच्या आत पुन्हा लांबते. ओट्यावरच्या आजीला उबेचं पुण्य मिळतं, ‘ड’चं नाही. मे महिन्यात हीच सावली नऊच्या सुमारासच आखूड होते, उकाडा चढण्याआधी. महिन्याच्या मध्यावर तर साडेबाराच्या आत-बाहेर ती पायाखालीच सापडते. काचेच्या खिडकीतून मात्र कुठल्याच महिन्यात उपयोग नाही, काच हे किरण अडवते. वॉर्डातल्या खिडकीशेजारची खाट त्या बाबतीत आतल्या खाटेसारखीच.

तान्ह्या बाळाला अकराच्या उन्हात उघडं ठेवा, असं कुणी शहाणा सांगणार नाही. म्हणून भारतीय बालरोग संघटनेनं पहिलं वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब सुचवले आहेत, बाळ उन्हात जावो न जावो. घोळ होतो तो बाटलीवर. एका कंपनीच्या एका मिलीत ४०० युनिट, दुसरीच्या एका मिलीत ८००. ड्रॉपर मात्र सारखाच दिसतो. आणि दुकानात शेजारीच ६०,००० युनिटचा साशे असतो, मोठ्या माणसांना आठवड्याला एक म्हणून दिला जाणारा. बाळाच्या अख्ख्या वर्षाची गरज १ लाख ४६ हजार युनिट, म्हणजे अडीच साशेही नाहीत. तो आठवड्याऐवजी रोज पाजला गेला, तर दहा दिवसांत ६ लाख पोटात जातात. मग बाळ ओकायला लागतं, शी खडा होते, लघवी वाढून अंग सुकतं, मूत्रपिंडावर ताण येतो. मूल त्याच वॉर्डात दाखल होतं, तीच तपासणी होते, आणि या वेळी आकडा शंभराच्या वर असतो.