दहा मिनिटांत पंचेचाळीस लाख

मोजायला बसा. सेकंदाला एक माणूस. जेवण नाही, झोप नाही, एक, दोन, तीन करत नुसतं मोजत राहायचं. जगात अजून जी इंटरनेट वापरत नाहीत, ती माणसं मोजून संपायला जवळजवळ ७० वर्षं लागतील. म्हणजे एक अख्खा जन्म. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२५च्या अंदाजानुसार अशी माणसं २२० कोटी आहेत, आणि त्यांतली ९६ टक्के गरीब किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात.

आता दुसरं टोक. परदेशातून आपल्याकडे येणारं इंटरनेट मुख्यतः समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलींमधून येतं आणि त्यांतल्या बऱ्याच केबली मुंबईत, वर्सोव्याच्या वाळूखालून जमिनीवर चढतात. आत केसासारख्या बारीक काचेच्या तारा असतात. त्यांतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. वर्सोव्यापासून नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली हे गाव सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. काचेतल्या प्रकाशाला एवढं अंतर कापायला सेकंदाचा पाचशेवा भागसुद्धा लागणार नाही.

टेंभलीचंच नाव घेतलं, त्याला कारण आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक याच गावात दिला गेला. तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी इथे आले होते. शहाद्याजवळच्या या आदिवासी गावातून सुरू झालेली ही मोजदाद आज १३० कोटींच्या पुढे गेली आहे. माणसांची एवढी मोठी नोंद, तीही बोटांच्या ठशांसकट, जगात दुसरीकडे कुठे नाही.

या नोंदीवर पुढे काय काय उभं राहिलं! ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशात यूपीआयचे २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. भागाकार केला तर सेकंदाला साडेसात हजार. हे वाक्य वाचून होईपर्यंत चहावाल्यापासून सोनारापर्यंत तीसेक हजार ठिकाणी पैसे पोचलेले असतात. मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

पण याच देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने २०१९ ते २०२१ या काळात एक साधा प्रश्न विचारला होता. रोज वापरता का, असा नव्हे. आयुष्यात कधी एकदा तरी इंटरनेट वापरलंय का, एवढाच. १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ‘हो’ म्हणणाऱ्या निघाल्या ३३ टक्के. पुरुष ५७ टक्के. महाराष्ट्र पुढारलेला म्हणावा, तर इथे बायका ३८ टक्के आणि पुरुष साडेएकसष्ट. एकाच घरात, एकाच छपराखाली ही दरी आहे. फोन घरात असतो, पण तो ‘त्यांचा’ असतो. ‘ते’ कामावर गेले की फोनही जातो. त्यानंतर आकडे बरेच वर चढले आहेत, स्वस्त डेटाने खूप काही बदललं आहे. तरी फोन कुणाच्या खिशात, हा प्रश्न मला रेंजहून मोठा वाटतो.

आणि फोन नसला तरी आधार पटवायला मशीनवर अंगठा लावावा लागतो. रेशन दुकानात ऐकू येणारं एक वाक्य आहे : ‘अंगठा लागत नाही.’ ऊस तोडून, दगड फोडून, भांडी घासून बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. मशीनला अंगठा ओळखू येत नाही. जिने सगळ्यात जास्त राबावं, तिलाच मशीन परत पाठवतं.

२०२५च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली. महिन्याला १,५०० रुपये घेणाऱ्या दोन कोटींहून अधिक बायकांना आधारशी जोडलेल्या फोनवर ओटीपी घ्यायचा होता. स्वतःचा एक आणि नवऱ्याचा किंवा वडलांचा एक. सातपुड्यात धडगाव तालुक्यातल्या बायका रेंजसाठी डोंगर चढून गेल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. धडगाव म्हणजे नंदुरबार जिल्हा. टेंभलीचाच जिल्हा.

आधारचा ओटीपी दहा मिनिटं टिकतो. तेवढ्या वेळात देशात यूपीआयचे ४५ लाख व्यवहार उरकतात. आणि या जिल्ह्यातले किती तरी नवरे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. फोन त्यांच्याबरोबर जातो. डोंगरमाथ्यावर उभ्या असलेल्या बाईने मागितलेला दुसरा ओटीपी तिकडे कुठल्या तरी फडात, उसाच्या मोळ्यांशेजारी ठेवलेल्या पिशवीत वाजतो. त्याचे हात कोयत्यावर असतात, आणि दहा मिनिटं चालू झालेली असतात.