मोठ्या आवाजाची चढाओढ

ध्वनिमुद्रणातला सर्वांत हळू आवाज आणि सर्वांत मोठा आवाज यांच्यातील अंतराला डायनॅमिक रेंज म्हणतात. हे अंतर डेसिबलमध्ये मोजले जाते. एका व्हायोलिनची हलकी सुरावट आणि पाठोपाठ उसळणारा संपूर्ण वाद्यवृंद हा चढउतार म्हणजे संगीताच्या आशयाचाच भाग. १९९०नंतरच्या दोन दशकांत पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या ध्वनिमुद्रणांतून तो मोठ्या प्रमाणावर पुसला गेला. प्रत्येक नवी सीडी आधीच्या सीडीपेक्षा मोठ्याने वाजावी, या चढाओढीला ‘लाउडनेस वॉर’ असे नाव पडले. ध्वनीचे बारकावे जाणून ऐकणाऱ्या ऑडिओफाइल रसिकांनी तिला सातत्याने विरोध केला.

या चढाओढीचे मूळ मानवी कानाच्या घडणीत आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये दाखवून दिले की आवाज हळू असताना खर्जातील स्वर कानाला फार कमी जाणवतात. आवाज वाढला की ते भरीव वाटू लागतात. त्यामुळे एकच गाणे दोनदा ऐकवले आणि दुसऱ्या वेळी आवाज किंचित वाढवला, तर बहुतेकांना दुसरे अधिक चांगले वाटते. वाढलेला आवाज त्यांच्या लक्षातही येत नाही. नाणे टाकून गाणे ऐकवणाऱ्या ज्यूकबॉक्स यंत्राच्या काळापासून ध्वनिमुद्रण कंपन्यांना हे ठाऊक होते. ज्यूकबॉक्सचा आवाज एकदा ठरवून ठेवलेला असे. त्यामुळे हळू मुद्रित केलेले गाणे इतरांपुढे फिके पडे.

तबकडीच्या काळात या हव्यासाला भौतिक मर्यादा होती. आवाज जितका मोठा आणि खर्ज जितका दमदार, तितकी तबकडीवरची खाच अधिक रुंद वळणे घेते. अशा खाचांना जागा जास्त लागते, एका बाजूवर कमी मिनिटांचे संगीत मावते आणि वळणे फारच मोठी झाली तर सुई खाचेतून उडते.

१९८२मध्ये बाजारात आलेल्या सीडीने ही अडचण दूर केली. सोळा बिटांच्या या माध्यमात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर सामावते. मात्र अंकीय ध्वनीला एक पक्के छत असते. त्याच्या वर एकही अंक लिहिता येत नाही. सुरुवातीच्या अनेक सीडींमध्ये केवळ ढोलाचे ठोके किंवा झांजांचे आघात या छताजवळ जात. बाकी संगीत बरेच खाली असे. सरासरी पातळी वर न्यायची, तर आधी ही शिखरे खाली दाबावी लागतात. हे काम कंप्रेसर आणि लिमिटर करतात. १९९४मध्ये आलेल्या वेव्हज कंपनीच्या ‘एल१’ या लिमिटरसारख्या साधनांनी ते फार सोपे केले. येणारे शिखर आधीच हेरून ते क्षणात दाबायचे आणि मग सगळेच संगीत वर उचलायचे, ही त्यांची पद्धत.

लिमिटर बेताने वापरला तर दोष कळत नाही. अतिरेक झाला की ठोक्याची धार जाते, कडवे आणि ध्रुवपद एकाच पातळीवर येतात. त्याही पुढे रेटले तर ध्वनिलहरींचे माथे सपाट कापले जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात. त्यातून मूळ संगीतात नसलेले कर्कश स्वरांश जन्म घेतात आणि असे संगीत फार वेळ ऐकवत नाही.

मेटॅलिका या बँडचा सप्टेंबर २००८मधला ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम याचे गाजलेले उदाहरण. तीच गाणी ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेममध्येही आली होती आणि तिथे ती बरीच मोकळी, कमी दाबलेली होती. दोन्हींची तुलना होताच अल्बमचे मास्टरिंग, म्हणजे मिश्रणावरून अंतिम ध्वनिप्रत घडवण्याचे काम, नव्याने करावे, अशा मागणीवर हजारो चाहत्यांनी सह्या केल्या. मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांनी तर आपल्याकडे आलेले गायन-वाद्यांचे मिश्रणच आधीपासून दाबलेले होते, असे स्पष्ट केले. कॅनडाच्या रश या बँडने २००२मधल्या ‘व्हेपर ट्रेल्स’ या अल्बमचे संपूर्ण मिश्रण नव्याने करून घेतले आणि २०१३मध्ये तो पुन्हा प्रसिद्ध केला.

ऑडिओफाइल श्रोत्याची अडचण इथेच आहे. मास्टरिंगमध्ये कापलेली शिखरे महागडा अँप्लिफायर किंवा स्पीकर परत आणू शकत नाही. चोवीस बिटांची फाइलही जर त्याच दाबलेल्या मास्टरवरून केली असेल, तर तिचा उपयोग नाही. उलट यंत्रणा जितकी चोख, तितके दोष उघडे पडतात. म्हणूनच जाणकार रसिक फाइलच्या प्रकारापेक्षा मास्टर कोणते, हे आधी पाहतात आणि १९८०च्या दशकातल्या सीडी शोधून घेतात.

तोडगा निघाला तो मोजमापातून. शिखराऐवजी कानाला जाणवणारी सरासरी पातळी मोजण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६मध्ये प्रमाणित केली. तिच्या आधारे युरोपीय प्रसारण संघाने २०१०मध्ये प्रक्षेपणासाठी उणे २३ एलयूएफएस (जाणवणाऱ्या आवाजाचे एकक) ही पातळी ठरवली. अमेरिकेत त्याच वर्षी दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या आवाजाला आवर घालणारा कायदा झाला. पुढे संगीत ऐकवणाऱ्या सेवांनीही हेच तत्त्व स्वीकारले. स्पॉटिफायवर नेहमीची पातळी उणे १४ एलयूएफएस असते. त्याहून मोठे गाणे तिथे आपोआप खाली आणले जाते. दाबून मोठे केलेले गाणे मग इतरांइतकेच वाजते, पण त्याची गेलेली धार परत येत नाही.

कंप्रेसर हे साधन वाईट नाही. धावत्या गाडीत किंवा गर्दीत हळुवार जागा ऐकू याव्यात म्हणून त्याचा उपयोग होतो आणि रॉक संगीताचा ठसठशीत नादही बराचसा त्यातूनच घडला आहे. पण ऐकणाऱ्याला आवाज वाढवता येतो. कापलेला चढउतार त्याला पुन्हा निर्माण करता येत नाही. त्यामुळे आवाज किती ठेवायचा हे श्रोत्यावर सोपवावे आणि संगीतातले हळू-मोठे निर्मात्यांनी जसेच्या तसे जपावे. श्रोत्यांनीही दोन ध्वनिमुद्रणांची तुलना करताना आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा. त्यानंतरच कोणते चांगले, याचा निवाडा करावा.