सार्वजनिक ज्ञानकोशाची राखण

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश शिक्षकमंडळींपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. २३ खंडांचा तो ग्रंथ आधी संपादकांच्या नजरेखालून गेला आणि मग छापला गेला. विकिपीडियाचे नेमके याच्या उलट आहे. तेथे मजकूर आधी प्रसिद्ध होतो आणि तपासणी मागाहून होते. १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झालेला हा ज्ञानकोश १ मे २००३ पासून मराठीतही आहे. तो मोबाईलवर कुणालाही फुकट वाचता येतो, आणि त्यातली बहुतेक पाने कुणालाही दुरुस्त करता येतात.

तुम्ही म्हणाल, "अहो, हे तर बिनकुंपणाचे शेत झाले! गुरे शिरणार नाहीत का?" शिरतात, रोज शिरतात. कुणी आपल्या पुढाऱ्याची स्तुती घुसडतो, कुणी शेजारच्या गावावरचा राग काढतो, एखादा पोरगा गंमत म्हणून अख्खे पान कोरे करतो. मग हे निस्तरते कोण?

ही राखण दोन थरांनी होते. पहिला थर साध्या सदस्यांचा. 'अलीकडील बदल' अशी एक यादी तेथे सतत चालू असते. कुणी, केव्हा, काय बदलले ते तीत दिसते. शिवाय प्रत्येक पानाचा इतिहास जपलेला असतो. शाळेतल्या फळ्यावरचे पुसले की गेले. येथे मात्र पुसलेलेही शिल्लक राहते. म्हणून एखाद्याने पान बिघडवले, तर दुसरा कोणीही आधीची प्रत क्षणात परत आणू शकतो. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

दुसरा थर प्रचालकांचा. पान काढून टाकणे, त्यात बदल करण्यास काही काळ बंदी घालणे, खोडसाळ माणसाला लिहिण्यापासून रोखणे, या किल्ल्या त्यांच्याकडे असतात. पण तेही बिनपगारी स्वयंसेवकच, बरं का! सदस्य चर्चा करून त्यांना निवडतात. इंग्रजी विकिपीडियात ७० लाखांहून अधिक लेख आहेत आणि प्रचालक आठशेच्या आसपास. म्हणजे एकेकाच्या वाट्याला आठ हजारांवर लेख! एवढ्यांवर एकटा माणूस लक्ष ठेवील कसा? म्हणून नजर सर्वांची आणि किल्ली थोड्यांची, अशी ही वाटणी आहे.

काम चालते ते असे. खोडी दिसली की सदस्य ती दुरुस्त करतो आणि करणाऱ्याला सौम्य शब्दांत समज देतो. नवखा असेल तर त्याला 'धूळपाटी'कडे पाठवतो. सराव करण्यासाठी ते पान राखून ठेवले आहे. समज देऊनही तो ऐकेना, तर गोष्ट प्रचालकाच्या कानावर घालायची. प्रचालक पानाचा इतिहास पाहतो, समज दिली होती की नाही ते पाहतो आणि मगच किल्ली फिरवतो.

मात्र कोणते मत खरे, हा निवाडा प्रचालकाने आपल्या अधिकारात करायचा नसतो. तो वाद लेखाच्या चर्चापानावर, पुरावे दाखवून मिटवायचा. सगळ्यांशी संबंधित प्रश्न असेल तर त्यासाठी मराठीत 'चावडी' आहे. नावच तसे ठेवले आहे. आणि ज्या भांडणात प्रचालक स्वतः पक्षकार आहे, तेथे त्याने किल्लीला हात लावू नये, असा संकेत आहे.

आता यातली उणीवही सांगितली पाहिजे. २००५ साली जॉन सायगेन्थालर या अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रात कुणीतरी लिहून ठेवले, की केनेडी बंधूंच्या खुनांत त्यांचा हात असल्याचा संशय होता. ते धादांत खोटे होते, आणि सुमारे चार महिने तसेच राहिले. प्रचालक होते, नियम होते. पण तेवढ्या काळात ते खोटे कुणी पकडले नाही. पुढे डिसेंबर २००५ मध्ये, नाव न नोंदवता नवा लेख सुरू करण्याची मुभा इंग्रजीत बंद झाली. हल्ली शिवीगाळ ओळखून पुसणारी यंत्रेही आहेत. परंतु शुद्ध भाषेत, गंभीरपणे लिहिलेले खोटे ओळखायला जाणता माणूसच लागतो.

मागे एका विद्यार्थ्याच्या निबंधात आमच्या भागातल्या धरणाचे साल चुकलेले आढळले. मी रागावलो. त्याने शांतपणे मोबाईल दाखवला. तेथेच चुकीचे लिहिले होते. "हे मी पूर्वीच पाहिले आहे," मी म्हणालो. तो म्हणाला, "मग सर, तुम्ही दुरुस्त का नाही केलंत?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या संध्याकाळी खात्याची पुस्तिका शोधून, तिचा आधार देऊन मी ते साल बदलले. दहा मिनिटे लागली. तुमच्या तालुक्याचे पान आज एकदा उघडून पाहा. तेथली चूक परगावच्या प्रचालकाला दिसणार नाही, तुम्हालाच दिसेल.