बोगद्यातली काकडी आणि न आलेली माशी

आजचा विषय ऐकून काही जणांनी हसत विचारलं, ‘सर, तत्त्वज्ञान सोडून काकडी?’ सोडलेलं नाही. ते येईलच. आधी काकडी.

लोणच्याची काकडी म्हणजे बोटाएवढी असतानाच तोडून व्हिनेगरमध्ये किंवा मिठाच्या पाण्यात मुरवतात ती. बाजारात तिला घेरकीन म्हणतात. निर्यातीसाठी तिची शेती आपल्या देशात १९९०च्या दशकात कर्नाटकात सुरू झाली, पुढे तामिळनाडू आणि आंध्रात गेली. ती बहुतेक उघड्या रानात होते. हेच पीक पॉलिहाऊसमध्ये किंवा प्लॅस्टिकच्या बोगद्यात, म्हणजे टनेलमध्ये घेतलं तर काय बदलतं?

निवृत्तीनंतर मी घरामागे असा एक छोटा बोगदा उभारला. बांबूच्या कमानी, वर प्लॅस्टिक, दोन्ही तोंडांना बारीक कीटकरोधक जाळी. दुकानात मिळालं ते बी पेरलं. वेल असे वाढले की शेजारी बघायला यायचे. पिवळी फुलं भरपूर, काकडी मात्र एक नाही! मादी फुलामागे इवलीशी काकडी दिसायची आणि चार दिवसांत पिवळी पडून गळायची. मी खत बदललं, पाणी वाढवलं, पानं उलटीपालटी करून रोग शोधला. रोग नव्हताच.

मधमाशी नव्हती.

काकडीच्या साध्या वाणात नर आणि मादी फुलं वेगळी असतात. पराग चिकट असतो, वाऱ्यानं जात नाही; माशीच लागते. आणि माशीला मीच जाळी लावून बाहेर ठेवलं होतं. मग रोज सकाळी नर फूल खुडून मादी फुलाला टेकवत बसलो. त्या हंगामात पाच-सहा काकड्या मिळाल्या.

आता तत्त्वज्ञान. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती ‘अनुपलब्धि’ हे ज्ञानाचं स्वतंत्र साधन मानतात. जमिनीवर घडा नाही, हे मला कसं कळतं? घडा दिसत नाही म्हणून. पण त्याला अट आहे: घडा असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. मी माझ्या अनुभवाची भर घालतो. तिथे काय असायला हवं होतं हेच ठाऊक नसेल, तर त्याचा अभाव लक्षात येत नाही. वेलावर काय आहे ते मी शोधत होतो. काय नाही, हे विचारलंच नाही.

म्हणून छत घालताना आपण काय काय बाहेर ठेवलं, त्याची यादी करा.

माशी बाहेर ठेवली, तर बी घेतानाच पार्थेनोकार्पिक वाण मागा. त्याला परागाशिवाय फळ धरतं. त्याच्या शेजारी साधा वाण मात्र लावू नका. माशी आत शिरून पराग लागला, की बी धरतं आणि काकडी एका टोकाला फुगते.

पाऊस बाहेर ठेवला, तर ठिबकनं थोडं थोडं, पण नियमित पाणी द्या. मुळं वरच्या थरात असतात; ताण पडला की फळ वाकडं होतं, कडूही होतं.

वारा बाहेर ठेवला, तर रात्री आत दमटपणा साचतो, पानं ओली राहतात आणि केवडा येतो. सकाळीच बाजूचे पडदे वर करा. दुपारचं तापमान ३५ अंशांपुढे गेलं, तर कळ्या गळू लागतात.

एक गोष्ट मात्र आत राहता कामा नये: जून काकडी. पानाआड एखादी राहून गेली की वेलाचं बळ तिच्यात जातं आणि नवी फळं धरणं मंदावतं. शिवाय गरम दिवसांत बोटाएवढी काकडी दोन दिवसांत बरणीच्या मापाबाहेर जाते. म्हणजे तोडणी जवळजवळ रोज. सण असो, लग्न असो.

पॉलिहाऊससाठी कर्ज काढायला निघालेल्या तरुणांना म्हणून मी आधी एकच विचारतो: रोज सकाळी तोडायला घरात किती हात आहेत? प्लॅस्टिक, पाइप, बी यांची किंमत कोटेशनमध्ये लिहिलेली असते. नसलेले हात कुठेच लिहिलेले नसतात.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.