घराबाहेरचं घर (लेखांक सहावा) : हिंगण्याच्या मुली

मागच्या लेखांकात आपण 1901 च्या जनगणनेपाशी थांबलो होतो. हिंदुस्थानात तेव्हा हजार बायकांमध्ये लिहिता-वाचता येणाऱ्या जेमतेम सात होत्या. त्या सातांतल्या काही जणी शिकायला कुठे राहिल्या, आणि शिकून झाल्यावर त्यांचं काय झालं, ते या आठवड्यात पाहू.

आपला भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता आणि गोंदियाही त्यातच मोडत असे. पवनी, साकोली, तुमसरकडच्या एखाद्या बापाच्या मनात मुलीला, त्यातून विधवा मुलीला, पुढे शिकवायचं आलंच, तर वरठीला गाडी धरून नागपूर गाठायचं, तिथून भुसावळ, मनमाड, दौंड आणि मग पुणं. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी, वाटेपुरत्या दशम्या. सोबत आलेलं माणूस परत फिरलं की पुढचे कित्येक महिने पोस्टकार्डावर काढायचे. एवढ्या लांब तरणीताठी मुलगी ठेवायची ती कोणाच्या भरवशावर, हाच घराघरातला पहिला प्रश्न असे. शाळा कितीही चांगली असली तरी राहण्या-जेवण्याची विश्वासाची सोय नसेल, तर बाहेरगावच्या मुलीला तिचा काडीचा उपयोग नव्हता. म्हणून मुलींच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना वर्गाइतकंच लक्ष स्वयंपाकघराकडे आणि झोपायच्या खोलीकडे द्यायला हवं, असं मला वाटतं.

ही गोष्ट पंडिता रमाबाईंपासून सुरू होते. 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं. तिथे अगदी सुरुवातीला आलेली बालविधवा म्हणजे कोकणातली गोदूबाई जोशी. मुंबईत शिकणाऱ्या भावाने, नरहरपंतांनी, तिला तिथे आणून ठेवलं. चार वर्षांनी, 1893 साली, त्याच 11 मार्चला तिने नरहरपंतांचे मित्र धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. गोदूबाईची आनंदीबाई झाली आणि पुढे साऱ्या संस्थेची बाया. कर्व्यांच्या मुरूड गावातल्या लोकांनी त्यांच्या घरावर बहिष्कार टाकला, ही हकिकत शाळेच्या पुस्तकांतून आपल्याला ठाऊक असते. पण ही नवी नवरी एका वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेली होती, हे सहसा कोणी सांगत नाही. बायांनी पुढे आपल्या नागपुरात येऊन सुईणकामाचं शिक्षण घेतलं, तेही पदरात मूल असताना. शारदा सदनात एकदा परक्या छपराखाली राहून शिकलेली बाई पुन्हा घर सोडायला कचरत नाही, तिचं धैर्य तिथे तयार झालेलं असतं.

1896 मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. पुण्यात प्लेगने ठाण मांडल्यावर, 1900 साली, आश्रम गावाबाहेर हिंगण्याला हलला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले होते. तिथे एक झोपडी उभी राहिली. आजचं कर्वेनगर पाहणाऱ्याला त्या जागेची कल्पना येणार नाही. आजूबाजूला वस्ती नाही, रस्ता नाही, पावसाळ्यात चिखल, रात्री पूर्ण अंधार. अण्णासाहेब कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे आणि काम आटोपलं की चालत हिंगण्याला यायचे. येताना शहरातून घेतलेलं सामान त्यांच्या खांद्यावर असे.

आता झोपडीच्या आत डोकावू. इथल्या बहुतेक जणी विधवा. कोणाचे केस काढलेले, अंगावर आलवण. काही वयाने इतक्या लहान की नवऱ्याचा चेहराही आठवू नये, तर काही जणींची मुलं मागे नातेवाइकांकडे. आचारी, मोलकरीण ठेवायला पैसा नव्हता. स्वयंपाक, भांडी, झाडलोट, सगळं पाळीने. सासरी याच बायका हीच कामं करत होत्या, पण तिथे काम संपत नसे आणि त्याचं नाव कुठे निघत नसे. इथे पाळी संपली की पुढ्यात पाटी आणि गणितं. शिवाय एकीची पाळी दुसरीने घेतली, तर पहिलीला अभ्यासाला मिळालेला वेळ तिचा हक्काचा. दिवसातला काही वेळ आपला स्वतःचा आहे ही जाणीव त्यांतल्या बऱ्याच जणींना जन्मात पहिल्यांदा झाली असेल. माझ्या लेखी हिंगण्याची ती सर्वांत मोठी शिकवण.

बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले हिचंच पाहा. विसाव्या वर्षाच्या आसपास वैधव्य, पदरात एक मुलगा. पंचविशी उलटल्यावर ती पुण्याला बहिणीकडे आली आणि शिकू लागली. शिकली आणि हिंगण्यालाच राहिली, मुलींवर देखरेख करायला. मग संस्थेसाठी वर्गणी मागत गावोगाव फिरली. सभेत उभं राहून बोलणं हेच त्या काळी बाईमाणसासाठी अघटित होतं. ज्या बाईला शुभकार्यात समोर यायची बंदी, तिने चारचौघांत उभं राहून विधवांच्या शाळेसाठी पैसे मागायचे! इंग्रजी कच्चं राहिलं ही खंत तिच्या मनात होती. म्हणून चाळिशी ओलांडल्यावर, 1918 मध्ये, ती अमेरिकेला गेली, लोकांच्या घरी घरकाम करून राहिली आणि 1920 मध्ये परतून पुन्हा कामाला लागली. हे सगळं तिने ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. आपल्याकडच्या वाचनालयात मिळालं तर जरूर वाचा.

1907 मध्ये कर्व्यांनी महिला विद्यालय काढलं, कुमारिका आणि सवाष्ण मुलींसाठी. ते आधी पुण्यात, वेगळ्या जागी भरवावं लागलं, कारण विधवांच्या सावलीत आपल्या मुली ठेवायला आईबाप तयार नव्हते. 1911 मध्ये विद्यालय हिंगण्याला आलं आणि विधवा व कुमारिका एकाच आवारात वावरू लागल्या. अपशकुनाच्या कल्पनेवर भाषणं पुष्कळ झाली होती. पण एका विहिरीचं पाणी पिऊन, एका पंगतीत जेवून, एकमेकींच्या वेण्या घालून वाढलेल्या मुलींना त्या भाषणांची गरज उरली नसणार. मधल्या काळात, 1908 साली, निष्काम कर्म मठ निघाला. संस्थेला आजन्म वाहून घेणाऱ्यांचा तो संघ, आणि त्यात इथेच शिकलेल्या स्त्रिया होत्या. काल पाटी घेऊन आलेली आज चालक झाली. माजी विद्यार्थिनी वर्षातून एकदा भेटायला जमते ही आपली आजची कल्पना, पण हिंगण्यात तिच्याच खांद्यावर शाळा उभी होती.

1916 मध्ये महिला विद्यापीठ झालं. कॉलेजचं शिक्षण मराठीतून, इंग्रजी सक्तीचा एक विषय. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं नाव लागलं, आजचं एसएनडीटी. न. चिं. केळकरांची मुलगी कमलाबाई देशपांडे तरुणपणीच विधवा झाली. ती इथे शिकली, पुढे थेट प्रागच्या विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि स्त्रियांच्या शिक्षणाच्याच कामात राहिली. तिचं ‘स्मरणसाखळी’ वाचताना त्या आवारातलं जगणं जवळून दिसतं. बाळूताई खरे ही कुलाबा जिल्ह्यातल्या आवासची. ती आणि तिची बहीण कृष्णाबाई, दोघी हिंगण्याच्या. बाळूताई शिकून शिक्षिका झाली आणि 1933 मध्ये ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहून तिने महाराष्ट्र हादरवला. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींची घुसमट त्या कथांत होती. ज्या वसतिगृहाने मुलींना पायावर उभं केलं, त्याच्या दाराबाहेरचं जग तसूभर हललेलं नव्हतं, हे त्यातून लोकांना पहिल्यांदा नीट कळलं. लेखिका कोण याचा शोध कित्येक वर्षं चालला. पुढे मालतीबाई बेडेकर म्हणून ओळखली गेलेली हीच बाई सोलापूरला तथाकथित गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत काम करून आली आणि त्यातून तिने ‘बळी’ लिहिली.

हिंगण्याविषयी मनात कितीही आदर असला तरी एक गोष्ट सांगायलाच हवी. तो सुरुवातीला ब्राह्मण विधवांचा आश्रम होता. विठ्ठल रामजी शिंदे यांची बहीण जनाक्का सासरच्या जाचातून माहेरी आली होती. भावाने तिच्यासाठी हिंगण्याच्या संस्थेचं दार ठोठावलं आणि ते उघडलं नाही. वर्गण्या कमी पडतील, पालक मुली काढून नेतील, ही भीती खरीही असेल. पण दारात उभ्या असलेल्या मुलीला त्या कारणाचा काय उपयोग? तिला हुजूरपागेने घेतलं. 1884 मध्ये न्या. रानडे, वामनराव मोडक, डॉ. भांडारकर यांनी सुरू केलेली ही पुण्याची मुलींची शाळा, वसतिगृहासकट. ब्रह्मदेशात वाढलेली सात वर्षांची इरावती करमरकर, म्हणजे पुढच्या इरावती कर्वे, याच वसतिगृहात येऊन राहिली. जनाक्का शिकली आणि भावाच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनमध्ये कामाला लागली, अस्पृश्य मुलामुलींसाठी. जिला दार बंद झालं, तिने दुसऱ्यांसाठी दार उघडलं. अण्णासाहेबांनी 1944 मध्ये जातिभेद मोडण्यासाठी समता संघ काढला, तेव्हा ते पंचाऐंशी पार केलेले होते. या उपक्रमाचं मोल मोठं, पण जनाक्काच्या पिढीसाठी त्याला फार उशीर झाला होता.

आपल्या भागातल्या दलित मुलीला तर पुण्याचं तिकीटही स्वप्नातलं. पवनीहून जवळच असलेल्या उमरेडला 1892 मध्ये जन्मलेल्या जाईबाई चौधरी यांनी पोटासाठी डोक्यावर ओझी वाहिली, एका ख्रिस्ती जोगिणीच्या मदतीने शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि जात कळताच त्यांच्याकडे मुलं पाठवायला लोकांनी नकार दिला. 1922 मध्ये त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. त्यांच्या पाठीशी ना ठाकरसींचे पंधरा लाख होते, ना सहा एकर जमीन. ती शाळा कशी चालली आणि तिथल्या मुली 1942 च्या नागपूरच्या दलित महिला परिषदेच्या काळापर्यंत कुठवर पोचल्या होत्या, ते पुढच्या आठवड्यात.