हायकू शटडाउन होत नाही? मेन स्विच दाबण्याआधी हे वाचा

जुने कॉम्प्युटर घेऊन, साफसूफ करून विकायचा धंदा सुरू करताय ना? मग हे तुमच्या कामाचं आहे. "सर, जुन्या मशीनवर हायकू टाकलं, मस्त पळतंय, पण शटडाउन दिलं की अडकतं." व्हिडिओत घाईत सांगितलं होतं, म्हणून इथे निवांत सांगतो.

हायकू म्हणजे जुन्या बीओएसच्या धर्तीवर २००१ पासून हौशी प्रोग्रामरांनी उभी केलेली ऑपरेटिंग सिस्टिम. तिचा पाचवा बीटा सप्टेंबर २०२४ मध्ये आला. बीटा, हा शब्द लक्षात ठेवा.

आता पहिला प्रश्न: मशीन नक्की कुठे अडकतं? कारण शटडाउन म्हणजे दोन वेगळी कामं. आधी प्रत्येक प्रोग्रामला "बंद हो" असं सांगितलं जातं. सगळे बंद झाले की मग हार्डवेअरला वीज तोडायला सांगितलं जातं.

पहिल्या टप्प्यात अडकलं, तर बहुतेक वेळा दोष सिस्टिमचा नसतो. एखादी फाइल सेव्ह केलेली नसते आणि "सेव्ह करू का?" विचारणारी खिडकी दुसऱ्या वर्कस्पेसवर लपलेली असते. समोर मात्र शटडाउनची खिडकी दिसते, तिथे तो प्रोग्राम जबरदस्तीने बंद करायचं बटण असतं. ते दाबू नका! मी एकदा दाबलं आणि दोन तास बसून बनवलेलं कोटेशन गेलं. शटडाउन रद्द करा, फाइल सेव्ह करा, मग पुन्हा द्या.

दुसरा प्रकार जास्त गंमतीचा. स्क्रीनवर 'आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो, पण पंखा फिरतच राहतो. घाबरू नका, सगळं डिस्कवर लिहून झालंय, खुशाल बटण दाबा. वीज तोडण्याचा आदेश एसीपीआय नावाच्या व्यवस्थेतून जातो. पुष्कळ जण मशीन बूट होत नाही म्हणून शिफ्ट दाबून सेफ मोडच्या मेनूत एसीपीआय बंद करतात. किंवा कर्नलच्या सेटिंग फाइलमध्येच ते बंद करून ठेवतात आणि विसरून जातात. बूट तर होतं, पण आता वीज तोडणार कोण? आधी ते परत चालू करून बघा. बायॉसमध्येही एसीपीआय बंद नाही ना, ते तपासा. फारच जुनं मशीन असेल तर त्याच सेटिंग फाइलमध्ये एपीएम चालू करायची सोय आहे.

तिसरा प्रकार म्हणजे कर्नल डीबगर उघडतो. स्क्रीनभर अक्षरं येतात, संशय ड्रायव्हरवर. आधी स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा, मग इंग्रजीत 'रीबूट' टाइप करा. बूट झाल्यावर सिसलॉग बघा.

पॉवर बटण दाबून धरणं हा शेवटचा उपाय. हायकूची फाइल सिस्टिम जर्नल ठेवते, त्यामुळे डिस्कची मांडणी सहसा वाचते, पण सेव्ह न केलेलं बिल वाचत नाही. टर्मिनल उघडत असेल तर आधी सिंक (एस वाय एन सी) ही कमांड द्या.

आणि गिऱ्हाइकाच्या बिलिंग काउंटरवर हायकू देऊ नका, असं माझं स्पष्ट मत. शिकायला, डेमोला चालेल. तरीही देणारच असाल, तर आधी तीनदा बंद-चालू करून बघा, त्यातलं एकदा सेव्ह न केलेली फाइल मुद्दाम उघडी ठेवून. त्या वेळी काय दिसतं ते गिऱ्हाइकाला समोर बसवून दाखवा, नाहीतर रात्री साडेनऊला दुकान बंद करताना फोन तुम्हालाच येणार.