घरच्या ताटातील फळ

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर इंदापूर तालुक्यात ऊस व फळबागा वाढल्या. अंथुर्णे हे याच पट्ट्यातील गाव. परंतु निवडक माल बाजारात जावा आणि घरच्या मुलांच्या वाट्यास फळच येऊ नये, हे योग्य नव्हे.

घरापुरती फळे पिकविण्यास वेगळी बाग लागत नाही. न्हाणीच्या सांडपाण्यावर केळीचे दोन खुंट येतात. परसात पेरूची दोन झाडे लावावीत. पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा यांनी निवडलेला ‘सरदार’ पेरू यासाठी उत्तम. पेरूत क जीवनसत्त्व संत्र्याहून कितीतरी अधिक असते. ते उष्णतेने नष्ट होते. म्हणून पेरू धुऊन, सालीसह, न शिजविता खावा. पपई लावणीनंतर सुमारे १० महिन्यांत फळ देऊ लागते. मात्र बुंध्याशी पाणी साचल्यास ती कुजते. म्हणून ती उंचवट्यावर लावावी.

आंबे, केळी विकत घेताना साल पिवळी पण गर कच्चा व गंधहीन असा माल नाकारावा. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास कायद्याने बंदी आहे. त्यात आर्सेनिकचा अंश असू शकतो. त्यापेक्षा तयार झालेले कच्चे आंबे आणून गवताच्या अढीत घालावेत. फळातून सुटणारा इथिलीन वायू अढीत कोंडतो आणि आंबा आपोआप पिकतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बागेच्या उत्पन्नाची चौकशी करताना घरी किती फळे राहिली, हेही अवश्य विचारावे.